फरक लिहा (गुण ५)

बरेच शनिवार झाले, इथे काही लिहिलं नाही. ऑफिसचं रिलीज हे नेहमीचं कारण आहेच, पण या वेळी ते खरं कारण नव्हतं. खरं कारण आज लिहितो. सुरुवात मात्र कांद्यापासून.

माझी पुतणी आठवीत आहे. एका शनिवारी सकाळी ती फोल्डस्कोप घेऊन आमच्याकडे मोशीला आली. फोल्डस्कोप म्हणजे कागदाची घडी घालून बनवलेलं, खिशात मावणारं मायक्रोस्कोप. शाळेत पेशींचा धडा चालू होता आणि सोमवारी वही दाखवायची होती. प्रश्न तुम्हाला-आम्हाला पाठ असलेलाच: "वनस्पती पेशी व प्राणी पेशी यांतील फरक लिहा. गुण ५." आपण सगळ्यांनी हा तक्ता कधी ना कधी घोकलाय. पेशीभित्तिका असते - नसते. हरितलवक असते - नसते. रिक्तिका मोठी - छोटी. तारककेंद्र नसते - असते. पाच ओळी, पाच गुण, विषय संपला.

"काका, मला तक्ता येतो. पण बाईंनी सांगितलंय, बघून लिहा."

बघून लिहायला कांदा हवा. कांद्याची आमच्या घरी कमी नव्हती. अण्णा (माझे वडील) दरवर्षी चाकणच्या बाजारातून गोणीच आणतात. चाकण म्हटलं की तुम्हाला गाड्यांचे कारखाने आणि तळेगाव चौकातला ट्रॅफिक आठवत असेल, पण अण्णांच्या पिढीला चाकण म्हणजे आधी कांदा-बटाटा, मग बाकीचं. यंदा गोणी दादाने आणली. अण्णा जाऊ शकले नाहीत, कारण त्यांची चौथी केमो नुकतीच झाली होती.

हे ते खरं कारण. अण्णांना लिम्फोमा निघाला. मानेतली एक गाठ, मग बायोप्सी, मग "आपण सहा सायकल करू, दर एकवीस दिवसांनी" हे डॉक्टरांचं वाक्य. लिम्फोमा म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींपैकी एका जातीने नियम सोडून वाढत सुटणं.

तर कांदा. अण्णा डायनिंग टेबलाशी टोपी घालून बसले होते (केस गेल्यापासून घरातही टोपी). पुतणीने लाल कांद्याची एक मांसल पाकळी काढली आणि तिच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोलायला अण्णांच्या हातात दिली. साहजिक होतं ते. आमच्या घरात बारीक काम अण्णांचं. चौतीस वर्षं त्यांनी टूलरूममध्ये फिटर म्हणून काढली. जॉबवर नुसतं बोट फिरवून सांगायचे, इथे बर्र राहिलीय, इथे पायरी आहे. इन्स्पेक्शनवाला मायक्रोमीटर लावून मग तेच सांगायचा.

अण्णांनी पापुद्रा धरायचा प्रयत्न केला. तो सुटला. परत धरला, परत सुटला. मग त्यांनी पाकळी हळूच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हातात आहे की नाही तेच कळत नाही गं."

बोटं बधिर झाली होती. दुसऱ्या सायकलनंतर मुंग्या सुरू झाल्या, चौथीपर्यंत शर्टाचं बटण लावायला आई लागायची. त्यांनी केस गेल्याची तक्रार कधी केली नाही, उलट्यांची केली नाही. बोटांची मात्र ते रोज एकदा करायचे. म्हणजे तक्रार नाही, नुसतं अंगठ्याने बोटांची टोकं चोळत बसायचे.

पापुद्रा शेवटी मी सोलला. स्लाइडवर ठेवला, थेंबभर पाणी टाकलं आणि फोल्डस्कोप उजेडाकडे धरला. विटांची भिंत दिसते तशा पेशी, एकाला एक चिकटून, प्रत्येकीत जांभळं पाणी. ते जांभळं पाणी म्हणजे रिक्तिका. तक्त्यात "मोठी" एवढंच लिहिलेलं असतं. बघितल्यावर कळतं की पेशीची जवळजवळ सगळी जागा हिनेच व्यापलीय आणि बाकीचा संसार कडेला दाटीवाटीने बसलाय.

"काका, हरितलवक कुठेय?"

नव्हतंच. कांदा जमिनीत वाढतो, तिथे ऊन नाही, मग हिरवा कारखाना कशाला उभा करायचा? पातीत असतं, कांद्यात नसतं. म्हणजे तक्त्यातली दुसरी ओळ दहाव्या मिनिटाला डळमळली. पुतणीला हे इतकं आवडलं की तिने ते वहीत ठळक अक्षरात लिहिलं.

मग आम्ही कडेने मिठाचं पाणी सोडलं. पाच मिनिटांत जांभळा भाग आकसून मधे गोळा झाला. भित्तिका मात्र जागच्या जागी, चौकोनी. आतलं बिऱ्हाड अंग चोरून बसलं, घर तसंच उभं. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे बघून त्यांना 'सेल' म्हटलं, ती अशी रिकामी घरंच होती. आतलं बिऱ्हाड कधीच मेलेलं होतं. म्हणजे पेशीला नाव मिळालं तेच मुळी भिंतीवरून!

आता उलटा प्रयोग. कोथिंबिरीची मलूल जुडी साध्या पाण्यात ठेवली की तासाभरात ताठ होते. पाणी पेशीत शिरतं, रिक्तिका फुगते, भिंत तिला अडवते आणि दाब वाढतो. हा दाब किती असावा? आपल्या गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय हवा असते. पानातल्या पेशीत बहुतेक वेळा याच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो. पालेभाजीचा ताठपणा म्हणजे हाडं नाहीत, हवा भरलेले टायर आहेत. पंक्चर झालं की मान टाकली.

प्राण्यांच्या पेशीला हे परवडत नाही. तिला भिंतच नाही, नुसतं पातळ पटल. रक्तातली लाल पेशी साध्या पाण्यात टाकली तर ती फुगते आणि फुटते. म्हणून नसेतून पाणी द्यायचं तर त्यात मीठ हवं, १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम. हॉस्पिटलमध्ये अण्णांच्या शेजारच्या स्टँडवर लटकणाऱ्या बाटलीवर हाच ०.९ चा आकडा होता. तो आकडा मी तासन् तास बघत बसलो होतो आणि तो तिथे का आहे याचा एकदाही विचार केला नव्हता. तक्त्यातली पहिली ओळ त्या बाटलीवर छापलेली होती.

गालाच्या आतल्या पेशी मात्र माझ्याच घेतल्या. पुतणी टूथपिक घेऊन अण्णांकडे निघाली होती, तिला मधेच थांबवलं. त्यांच्या तोंडात फोड आले होते.

असो. इथपर्यंतची गोष्ट शाळेची. पुढची त्याच आठवड्यातली.

बुधवारी रात्री साडेअकराला अण्णांना १०१ ताप भरला. केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा जंतूही भारी पडतो. गाडी काढली. पुणे-नाशिक रस्ता त्या वेळी रिकामा, तरी मला तो संपेना. हॉस्पिटलमध्ये रक्त घेतलं, तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. मी नर्सना नाव विचारलं, नंतर शोधलं. पेनिसिलिनच्याच घराण्यातलं होतं.

पेनिसिलिन म्हटल्यावर पिंपरीच्या माणसाला काय आठवणार? एच. ए. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापना १९५४, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला सरकारी कारखाना. इथे गाड्यांचे मोठे कारखाने यायच्या आधी तो आला. आमच्या लहानपणी एच. ए. ही कंपनी कमी आणि पत्ता जास्त होती: एच. ए. कॉलनी, एच. ए. ग्राउंड. तिथे टाक्यांमध्ये बुरशी वाढवून पेनिसिलिन काढायचे. आता तो काळ गेला.

पेनिसिलिन करतं काय? जिवाणूंनाही भिंत असते. वनस्पतींसारखी सेल्युलोजची नाही, वेगळ्याच मालाची. पेनिसिलिन त्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतं. जिवाणू वाढत असतो, भिंत कच्ची राहते, आतला दाब तिला फोडतो. आणि आपल्या पेशीला? आपल्याला भिंतच नाही, तर पाडणार काय? ॲलर्जीचा भाग सोडला तर हे औषध आपल्याला इतकं कमी त्रास देतं ते यामुळे. मला तर ती पाच गुणांची पहिली ओळ एकदम जीव वाचवणारी वाटायला लागली. पहाटे चारला ताप उतरला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये बसून हेच वाचत होतो. भिंत नसण्याचे फायदे.

एच. ए. मध्येच डॉ. थिरुमलाचार यांनी बुरशीवर चालणारं हॅमायसिन शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. होय, आपली पिंपरी! आपल्या गावाचं नाव रस्त्यावरच्या पाट्यांशिवाय आणखी कुठेतरी लिहिलंय याचा मला तेव्हा भलताच आनंद झाला. हॅमायसिन ज्या गटातलं आहे त्यातली औषधं बुरशीच्या पेशीपटलातल्या एका विशिष्ट स्निग्ध पदार्थाला धरतात. आपल्या पटलात तो नसतो, पण त्याचा चुलतभाऊ असतो, कोलेस्टेरॉल. फरक आहे, पण थोडा. म्हणून या गटातली औषधं पेनिसिलिनएवढी निरुपद्रवी नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडला आले तेव्हा मी बोटांचं विचारलं. म्हटलं, अँटिबायोटिक बरोब्बर जंतूंनाच मारतं, मग केमो अण्णांच्या बोटांपर्यंत का पोचते?

ते म्हणाले, "जंतू परका आहे. हा आजार त्यांच्याच पेशींचा आहे. फरक कुठून आणू?"

हे वाक्य मी घेऊन बसलो. आपण प्रोग्रामर लोक अडकलेली प्रोसेस नावाने शोधून मारतो. इथे सगळ्या प्रोसेसचं नाव एकच. मग उरतो एकच उपाय: जी जास्त पळतेय तिला मारा. भराभर विभागणाऱ्या पेशी हेरायच्या. त्यात गाठीच्या पेशी जातात, पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या अस्तराच्या आणि नव्या रक्तपेशी तयार करणाऱ्याही जातात. आणि बोटांचं प्रकरण त्याहून वेगळं. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढायला बारीक नळ्यांचे दोर लागतात. अण्णांच्या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टिन या नळ्या जुळू देत नाही. पण नेमक्या याच नळ्या मज्जापेशींच्या लांबलचक तारांमध्ये रुळांसारख्या असतात, माल वाहायला. सगळ्यात लांब तारा हातापायांच्या टोकांना जातात. रूळ उखडले की आधी शेवटची स्टेशनं बंद पडतात.

आणि हे व्हिन्क्रिस्टिन येतं कुठून? सदाफुलीतून. आमच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेली, कुणी पाणी घालो न घालो बारा महिने फुलणारी, तीच.

आता आत्या. अण्णा घरी आल्यावर आत्या नारायणगावहून भेटायला आली. येताना द्राक्षं आणि एक पक्का सल्ला घेऊन आली: सदाफुलीची सात पानं रोज सकाळी वाटून घ्यायची. साखरेला चालतं, याला पण चालतं, तिच्या शेजारच्यांना सांगितलं होतं कुणीतरी. "औषध त्याच्यातनंच काढतात म्हणे, मग पान खायला काय हरकत?"

खरं सांगतो, मला आधी राग आला. पण तिचा मुद्दा अर्धा बरोबर होता, आणि अर्ध्या बरोबर माणसाशी भांडणं फार कठीण. मग मी तिला एक खरी गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकात कॅनडातल्या रॉबर्ट नोबल या डॉक्टरांकडे जमैकाहून सदाफुलीची पानं आली. तिकडेही लोक साखरेसाठी त्याचा काढा घेत. त्यांनी अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखरेचं काही झालं नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मेले. का, तर त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. यातूनच नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांना १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन मिळालं. व्हिन्क्रिस्टिन त्यानंतरचं, १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं.

"म्हणजे बघ आत्या, पांढऱ्या पेशी घटल्या म्हणून अण्णांना परवा रात्री पळवत न्यावं लागलं. तू परत तेच पाजायला सांगतेयस. औषध एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या आत देतात, तेही नसेतून, मोजून. पानात किती असतं ते सदाफुलीलाही माहीत नाही."

"मग त्या झाडाला कसं काही होत नाही?"

घ्या! पाच गुणांचा प्रश्न आत्यानेही विचारला. उत्तर पुतणीच्या वहीत होतं: रिक्तिका. सदाफुली असली जहरं बनवते आणि रिक्तिकेत कोंडून ठेवते. आपल्याकडे यकृत, मूत्रपिंड असं सफाई खातं आहे, जे नको ते बाहेर टाकता येतं. झाड कुठे टाकणार? ते प्रत्येक पेशीत एक कोठी बांधतं, दार लावून घेतं, आणि वर त्याच कोठीचा शस्त्रागार करतं. खायला येणाऱ्या किड्याने चावा घेतला की दार उघडलं. पळता येत नाही म्हणून केलेली सोय. आपण पळू शकतो म्हणून आपल्याला भिंत नको, कोठी नको. पण भिंत नसल्याची किंमतही आहे. झाडांनाही गाठी येतात, पण त्या जागच्या जागी राहतात, कारण भिंतींनी एकमेकींना जखडलेल्या पेशी उठून दुसऱ्या गावाला जाऊ शकत नाहीत. आपल्या जातात.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. देवाला तर फुलं वाहू ना?" म्हटलं, वाहा की, रोज वाहा.

पुढच्या सायकलला मी ड्रिपच्या बाटल्या जरा नव्या नजरेने बघितल्या. पहिली रिटुक्सिमॅब. ही एक प्रतिपिंड आहे, आणि ती बनते चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी टाकीत वाढवून. दुसरी लाल रंगाची, डॉक्सोरुबिसिन, ती पिंप्रिनाच्या भावकीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसची देणगी. तिसरी छोटी सिरिंज, सदाफुली. प्राणी, जिवाणू, वनस्पती, तिघंही एका दुपारी एका माणसाच्या नसेत. त्यातली रिटुक्सिमॅब ही १९९७ साली अमेरिकेत आली, आणि तिची हकिगत म्हणजे डॉक्टरांच्या त्या "फरक कुठून आणू" ला मिळालेलं थोडंसं उत्तर. लिम्फोमाच्या या पेशींवर एक खूण असते, ती बाकीच्या बहुतेक पेशींवर नसते. त्याच जातीच्या चांगल्या पेशींवरही असते, त्यामुळे त्याही जातात, पण केस आणि बोटं वाचतात. म्हणजे शंभर ओळींच्या तक्त्यात कुणीतरी एक नवी ओळ शोधून काढली. औषधांचं सगळं शास्त्र मला आता असंच वाटतं: फरक लिहा. सापडला तेवढा रुग्ण सुखी.

पाचव्या सायकलला डॉक्टरांनी व्हिन्क्रिस्टिनचा डोस कमी केला, सहाव्याला दिलंच नाही. त्यावर आमच्या घरात एक वाईट रात्र गेली. दादाचं म्हणणं, बोटं गेली तर जाऊ देत, पूर्ण डोस घ्या. आई काहीच बोलेना. अण्णा म्हणाले, "मला विचारा की कुणीतरी." मग आम्ही विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात तसं करू. पण मला हातही पाहिजेत."

शेवटचा स्कॅन चांगला आला. डॉक्टर "बरे झालात" म्हणत नाहीत, "तीन महिन्यांनी या" म्हणतात. आम्ही तीन-तीन महिन्यांनी जगायला शिकतोय. मज्जातंतू हळू भरून येतात, काही महिने लागतात, कधी थोडं राहूनही जातं. अण्णा आता बटणं स्वतः लावतात. वरचं सोडून.

पुतणीला त्या प्रश्नाला पाचपैकी साडेचार मिळाले. हरितलवकाच्या ओळीपुढे तिने कंसात "कांद्यात नसते, मी बघितलंय" असं लिहिलं होतं, त्याचा अर्धा गुण कापला. ती फणफणत आमच्याकडे आली. अण्णांनी वही बघितली, काही न बोलता स्वयंपाकघरात गेले, आणि एक कांदा घेऊन आले. पाकळी मोडली आणि पापुद्रा सोलायला लागले. बोटांवर भरवसा नव्हता म्हणून चष्मा लावून, डोळ्यांनी बघत, चिमट्याने. दोनदा फाटला. तिसऱ्यांदा अख्खा निघाला.

"घे," ते म्हणाले. "बाईंना दाखव."